पवारांचं तारण आणि माझा नारळ

हातातला कप आधी खाली ठेवा बघू. गरम चहा नाकात गेला तर मागाहून मला बोलायचं नाही. गाढवपणा कोण करत नाही? सगळेच करतात. पण महिनोन् महिने, ठरवून, रोज सकाळी प्रार्थना करून गाढवपणा करणारा माणूस कधी बघितलाय? नसेल तर नीट बघून घ्या, तुमच्यासमोरच बसलाय!

मी प्रभाकर जाधव, राहणार डोंबिवली पूर्व, वीज खात्यातून रिटायर्ड. आम्ही ख्रिस्ती. म्हणजे कालपरवाचे नाही, पणजोबांपासूनचे, मूळचे नगरकडचे. दर रविवारी कल्याणला आमच्या चर्चमध्ये उपासनेला जातो. तिथल्या गायनमंडळात खालचा सूर माझा.

आता मराठी ख्रिस्ती माणसाची एक गंमत आहे. आडनाव जाधव, बोलणं तुमच्यासारखंच, जेवणात वरणभात आणि लोणचं. कपाळावर काही लिहिलेलं नसतं. रस्त्यात दोन मराठी ख्रिस्ती समोरासमोर आले तरी एकमेकांना ओळखायचे नाहीत. हे मला जन्मापासून माहीत आहे. आणि नेमकं तेच मी विसरलो.

झालं काय, पावसाळ्यात एका रविवारी आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, म्हणाले, "या नाताळापर्यंत प्रत्येकानं निदान एका माणसाला सुवार्ता सांगायची. ओढाताण नाही, वाद नाही, कुणाच्या श्रद्धेला नावं ठेवायची नाहीत. आपल्याला जे मिळालं ते प्रेमानं सांगायचं आणि पुढचं त्याच्यावर सोडायचं. पण आधी मैत्री करा हं. ओळख ना पाळख, आणि धाडकन सुरुवात, असं नको."

सगळ्यांनी माना हलवल्या. मी जरा जास्तच जोरात हलवली, कारण हे आपल्याला जमणार नाही हे मला ठाऊक होतं. साठी आली माझी! उपासनेत माइकसमोर उभा करा, तासभर गाईन. पण एका माणसासमोर बसून 'देवानं माझ्यावर प्रेम केलं आणि तो तुमच्यावरही करतो' एवढं साधं सांगायचं म्हटलं की मी हवापाण्यावर घसरतो. आयुष्यात एकदाही जमलेलं नव्हतं. म्हटलं, यंदा सांगायचंच. एका तरी माणसाला तारणाची, म्हणजे आत्म्याच्या सुटकेची, वाट सांगायची.

आणि तो माणूस देवानं थेट आमच्या मजल्यावरच पाठवला की हो!

गणपतीचे दिवस जवळ आलेले. आमच्या सोसायटीच्या गणपतीचं लाइटिंग दर वर्षी मीच करतो. वीज खात्यातला माणूस घरात असताना बाहेरचा इलेक्ट्रिशियन कशाला? लोकही प्रेमानं बोलावतात, मीही प्रेमानं जातो. तर मी छातीवर 'कार्यकर्ता' असा भगवा बिल्ला लावून शिडीवर चढलेलो, तोंडात टेप, हातात तोरण. एवढ्यात खाली टेम्पो थांबला. त्यातून एक उंचेपुरे गृहस्थ उतरले आणि वर बघून म्हणाले,

"वा! सेवा चाललीये!"

"दर वर्षी असते," मी टेप तोंडातून काढून म्हणालो. "तुम्ही आमच्या मजल्यावर येणार ना? थांबा, फ्रिजला हात लावतो."

हे भास्कर पवार. एसटीतून रिटायर्ड. ठाण्याला खोपटला राहायचे. तिथली बिल्डिंग पाडून नवी होतेय, म्हणून तोवर इथे भाड्याने. फ्रिज वर नेताना मी बघितलं, त्यांच्या दारावर गणपतीची सुंदर टाइल. मी मनातल्या मनात खूणगाठ बांधली. माणूस भाविक आहे, श्रद्धाळू आहे, अशा माणसाशी देवाबद्दल बोलता येतं. हाच आपला माणूस!

आता ती टाइल घरमालकाची असू शकते, हे तुमच्या लगेच लक्षात आलं असेल. तुम्ही हुशार आहात. मी नव्हतो.

संध्याकाळी मी सुनंदाला, म्हणजे आमच्या हिला सांगितलं, "पवार नवराबायकोला उद्या चहाला बोलावलंय. तो भिंतीवरचा क्रूस जरा काढून ठेवू या."

ती पोळी लाटत होती. लाटणं तिथेच थांबलं.

"काय म्हणालात?"

"अगं, पहिल्याच दिवशी बिचकतील ना ते. आधी मैत्री, मग सुवार्ता. पाळकसाहेबांनीच सांगितलंय."

"सुवार्ता सांगायची म्हणून क्रूस लपवायचा? हे त्यांनी सांगितलं?"

"तुला यातलं कळत नाही."

क्रूस गेला कपाटात. भिंतीवर त्याच्या आकाराचा पांढरा डाग राहिला, म्हणून मी तिथे कॅलेंडर लावलं. पवार आले, बसले, बोलले, कॅलेंडरकडे बघून म्हणाले, "छान आहे." पुढच्या आठवड्यात आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांच्या हॉलमध्ये घड्याळ अशा कोपऱ्यात लावलेलं, की वेळ बघायला सोफ्यावरून उठून वाकावं लागायचं. म्हटलं असेल बाबा, एकेकाची आवड.

मैत्री मात्र जमली हो, काय मस्त जमली! रोज सकाळी जिमखान्यापर्यंत फेरी, येताना कटिंग. पवार बोलके. एसटीत गाड्या सोडायचं काम केलेलं, त्यामुळे आवाज असा की रस्त्यापलीकडचा रिक्षावाला आपणहून वळून यायचा. पण चहा समोर आला की हा माणूस दोन क्षण मान खाली घालून गप्प बसायचा. मला वाटलं शुगर आहे, बिस्कीट खावं की न खावं या विचारात असतील. मीही दोन घोटांच्या मध्ये, डोळे उघडे ठेवून, चहाबद्दल देवाचे आभार मानून घ्यायचो. पवारांना वाटायचं, मला बसल्या बसल्या डुलकी लागते. हे अर्थात मला मागाहून कळलं.

एकदा त्यांना फोन आला. पवार जोरात म्हणाले, "जय..." आणि माझ्याकडे बघून थबकले. "जय... जय महाराष्ट्र!" पलीकडचा माणूस गोंधळला असावा, कारण पवार बराच वेळ नुसतं "हो हो, मीच, मीच बोलतोय" म्हणत होते.

मला तेव्हा तरी संशय यावा की नाही? आमच्याकडे फोनवर 'जय ख्रिस्त' म्हणायची पद्धत आहे, मी स्वतः म्हणतो. पण नाही! मला वाटलं, पवार राजकारणात आहेत काय?

मग आलं नवरात्र. मला नळाच्या पाण्यापेक्षा सुके बोंबील जास्त लागतात, हे आमच्या घरात सर्वश्रुत आहे. पण समोर भाविक शेजारी. जिन्यात वास गेला तर त्यांना काय वाटेल? मी सुनंदाला सांगितलं, नऊ दिवस बोंबील बंद, अंडंसुद्धा नाही. पहिल्याच दिवशी फिरायला जाताना पवारांनी विचारलं, "मग? यंदा सगळे दिवस उपवास?"

मी नुसतं "हं" केलं. खोटं बोललो नाही, पण खरंही बोललो नाही.

"आमचंही तेच," पवार म्हणाले आणि त्यांनी एक उसासा सोडला. तो भक्तीचा उसासा नव्हता, तो भुकेल्या माणसाचा होता. पण मला वाटलं, काय ही निष्ठा!

मग काय विचारता! पवारवहिनी आमच्यासाठी साबुदाण्याची खिचडी पाठवायच्या, सुनंदा त्यांना वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. दोन्ही घरं एकमेकांच्या उपवासाला जपत होती. सातव्या दिवशी मला राहवलं नाही. दुपारी सगळे झोपलेले बघून मी खिडक्या लावल्या, फटींना टॉवेल कोंबले आणि दोन बोंबील तव्यावर टाकले. संध्याकाळी पवार भेटले तर नाक वर करून म्हणाले, "दुपारी कुठून तरी बोंबलाचा वास येत होता हो."

"ए विंगमधून असेल," मी म्हणालो. "लोकांना काही पाळायला नको."

"खरंय," पवार म्हणाले. पण डोळे मिटून त्यांनी अजून एकदा श्वास घेतला.

संकष्टीचं तर विचारूच नका. मी आदरानं विचारायचो, "आज चंद्रोदय किती वाजता, पवार?" आणि ते तितक्याच आदरानं उत्तर द्यायचे, "आज जरा उशिरा आहे." मला वाटायचं, काय यांचा पंचांगाचा अभ्यास! आता कळतं, संकष्टीला हे उत्तर कधीच चुकत नाही.

सुनंदाला मात्र संशय आला. तिला मी विनवून टिकली लावायला लावली होती. आमच्यातल्या काही बायका हौसेनं लावतात, ती लावत नाही. पवारवहिनींना परकं वाटू नये म्हणून ती कुरकुरत लावायची. एक दिवस मला म्हणाली,

"अहो, पवारवहिनींची टिकली रोज वेगळ्या जागी असते."

"म्हणजे?"

"म्हणजे सवय नाहीये त्यांना! कधी भुवईला चिकटलेली, कधी केसात. परवा तर बोलता बोलता गालावर आली. मी उद्या सरळ विचारते, तुम्ही नक्की कुठले?"

"खबरदार!" मी ओरडलो. "एवढी मैत्री जमवलीये, त्यावर पाणी ओतू नकोस. मी योग्य वेळ बघून बोलणार आहे."

"कधी? वर गेल्यावर?"

तुम्ही म्हणाल, बिल्डिंगमधल्या कुणीच त्यांना सांगितलं नाही? अहो, आमच्याकडे सगळ्यांना माहीतच आहे, जाधवकाका ख्रिस्ती. नाताळात पोरं हक्कानं केक मागायला येतात. पण जे सगळ्यांना माहीत असतं ते कोण कोणाला मुद्दाम जाऊन सांगतो? आणि रविवारी सकाळी इस्त्रीचे कपडे घालून मी कल्याणला निघायचो तेव्हा पवार ठाण्याला निघायचे. "कुठे?" "जरा कल्याणला. तुम्ही?" "जरा ठाण्याला." दोघांनाही पुढे विचारायची भीती, कारण समोरच्यानं उलट विचारलं तर काय सांगणार?

दिवाळीनंतर मात्र गोष्ट निराळी झाली. एका सकाळी माझ्या छातीत कळ आली. घाम फुटला, हात जड पडला. सुनंदानं पवारांचं दार ठोठावलं, आणि त्या माणसानं बनियनवर मला खांद्याला धरून खाली नेलं, गाडीत घातलं, एकही सिग्नल न मानता हॉस्पिटलात पोचवलं. दिवसभर बाहेर बसून राहिले. निदान काय निघालं? ॲसिडिटी! आदल्या दिवशी खाल्लेला चिवडा. पण स्ट्रेचरवरून नेताना मी काचेतून बघितलं होतं. पवार बाकावर बसलेले, डोळे घट्ट मिटलेले, ओठ हलत होते, आणि गालावर पाणी.

मला वाटलं, जप करतायत माझ्यासाठी.

त्या दिवशी मला फार लागलं ते. सख्खा भाऊ करणार नाही एवढं या माणसानं केलं, आणि मी? माझ्याकडची सगळ्यात मोलाची गोष्ट मी याच्यापासून कॅलेंडरमागे लपवून ठेवलीये. आणि आता तर जास्तच भीती वाटायला लागली. आधी नवखा शेजारी होता, बोललो आणि दुरावला असता तर चाललं असतं. आता हा मित्र होता. सांगितलं आणि 'म्हणजे यासाठी तुम्ही माझ्याशी मैत्री केली?' असं म्हणाला तर? सकाळची फेरी बंद, कटिंग बंद, सगळंच बंद. रोज सकाळी आरशासमोर सराव करायचो, "पवार, मला तुम्हाला एक सांगायचंय." आरसा ऐकून घ्यायचा. पवार दिसले की मी म्हणायचो, "आज गारवा आहे, नाही?"

शेवटी डिसेंबर लागायच्या तोंडावर पवारच अवघडून म्हणाले,

"जाधव, एक विचारू? रागावणार नाही ना? ठाण्याला आमचा दर रविवारी एक कार्यक्रम असतो. थोडं भजन, थोडं प्रवचन, नंतर चहा. याल का एकदा?"

कुठल्या तरी महाराजांचा सत्संग असणार! मी घरी येऊन विचार केला. तो माझ्या देवाबद्दल ऐकावा असं वाटतं, तर मी आधी त्याचं ऐकायला नको? जायचं, मान द्यायचा आणि परत येताना गाडीत माझं सांगून टाकायचं. ठरलं! फक्त एक प्रश्न होता. सत्संगाला रिकाम्या हातानं कसं जायचं?

रविवारी सकाळी मी स्टेशनबाहेरच्या फुलवालीकडे उभा. नारळ घेतला, अगरबत्तीचा पुडा घेतला.

"हार कुठल्या देवाला हवाय, काका?" तिनं विचारलं.

"ठाण्याच्या," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे जरा बघितलं आणि झेंडूचा मोठा हार बांधून दिला.

सुनंदा कल्याणला पोरांची रविवारची शाळा घ्यायला निघाली होती. पिशवी बघून तिनं कपाळाला हात लावला.

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? आपण कधी नारळ वाहतो?"

"वाहणार कोण? तिथे जो कोणी असेल त्याच्या हातात द्यायचा. कुणाकडे जाताना आपण मिठाई नेतो ना, तसंच."

"देवा, यांच्याकडे लक्ष दे," एवढंच म्हणून ती निघाली.

शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये आम्ही तिघं अडकलो, मी, पवार आणि वहिनी. वहिनींची टिकली उजव्या भुवईवर होती. पवारांच्या मानेवर घाम. मी मांडीवर पिशवी धरून मनात माझी चार वाक्यं घोळवत होतो.

ठाण्यात गाडी एका गल्लीत वळली आणि थांबली. मी उतरलो, वर बघितलं.

क्रूस.

भलामोठा, चुन्यानं नुकताच रंगवलेला, चर्चच्या कळसावर. मी पिशवी धरून दगडासारखा उभा.

पवारांनी माझा दंड धरला. एवढा दणदणीत आवाजाचा माणूस, पण कुजबुजत बोलायला लागला.

"जाधव, आधी सांगायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही. मी ख्रिस्ती आहे. तुम्ही एवढे धार्मिक, गणपतीची सेवा करणारे, उपवास पाळणारे. वाटलं, सांगितलं तर तुटाल. पण त्या दिवशी हॉस्पिटलात ठरवलं, उद्या हा माणूस गेला आणि मी याला सांगितलंच नाही असं व्हायला नको." त्यांनी डोळे पुसले. "एवढंच सांगायचंय. देवाचं प्रेम कमवावं लागत नाही. आपण कसेही असलो तरी त्यानं आधी केलंय. येशूनं त्याची किंमत स्वतः दिली. आपण फक्त हात पुढे करायचा. तुम्ही ऐका, नाही ऐका, मी तुमचा मित्र आहेच. बस."

आरशासमोर इतके दिवस घोटलेली माझीच वाक्यं! आणि हा माणूस ती मला सांगत होता!

तुम्ही असता तर काय केलं असतं? "अहो, मीही ख्रिस्तीच," म्हणून मोकळे झाला असता? त्यांचा तो चेहरा बघितला असतात तर तुमचीही दातखीळ बसली असती. मी म्हणणारच होतो, खरंच म्हणणार होतो, पण तेवढ्यात घंटा वाजली आणि दारातून चारपाच माणसं धावत आली.

"हेच का ते? डोंबिवलीचे जाधव? या, या, या!"

मला थेट पहिल्या बाकावर नेऊन बसवलं, मांडीवर पिशवी तशीच. झेंडूचा हार पिशवीतून अर्धा बाहेर लोंबत होता. शेजारी पांढऱ्या साडीतल्या एक आजी बसल्या होत्या. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "घाबरू नको बाळ. सगळे आपलेच आहेत." मी म्हटलं, उपासना संपू दे, मग शांतपणे सांगू.

आणि मग गाणं सुरू झालं.

पेटी, तबला, आणि आमचं जुनं, लहानपणापासून गायलेलं गाणं. आजींनी माझ्यासाठी पुस्तक उघडून पान शोधायला घेतलं. पण आमच्या गायनमंडळातल्या माणसाला तबला ऐकू आला की थांबवणार कोण? माझे डोळे आपोआप मिटले आणि मी खालच्या सुरात सुरू! पहिलं कडवं, दुसरं कडवं, शेवटचं कडवं, त्यानंतरची खास नगरकडची लकेर, सगळं पाठ.

डोळे उघडले तेव्हा बाकी सगळे गप्प झालेले आणि मी एकटाच गात होतो.

"देवाची करणी!" आजी रडायलाच लागल्या. "पुस्तक न बघता! आयुष्यात पहिल्यांदा आला आणि शेवटचं कडवंसुद्धा येतंय!"

मागून कुणीतरी "हालेलुया!" ओरडलं. पवार दोन्ही हात तोंडावर घेऊन बसले होते. वहिनी पवारांना चिमटे काढत होत्या. आता बोला, अशा वेळी माणसानं उभं राहून काय सांगावं?

उपदेश सगळा माझ्यासाठी होता. तिथले पाळक तरुण, शांत बोलणारे. इतकं सोपं करून, इतकं माझ्याकडे बघून सांगत होते की मी हळूहळू विसरलो की मला हे येतं. खरंच सांगतो, जन्मापासून ऐकत आलोय, पण खास माझ्या एकट्यासाठी कुणी असं कधी सांगितलं नव्हतं. मी डोळे पुसले, तर आजींनी मला आपला पदरच दिला.

शेवटी पाळक म्हणाले, "आपल्या पाहुण्यांना दोन शब्द बोलायचे असतील तर..."

मी उठलो. पिशवी हातात राहिली ती राहिलीच.

"मी प्रभाकर जाधव," मी म्हणालो. "कल्याणच्या चर्चचा सभासद. गायनमंडळात आहे. जन्मानं ख्रिस्ती. पणजोबांपासून."

आजींनी आपला पदर हळूच परत ओढून घेतला.

"मला पवारांना सुवार्ता सांगायची होती," मी पुढे म्हणालो. "म्हणून मी त्यांच्याशी मैत्री केली. त्यांना वाईट वाटू नये म्हणून घरातला क्रूस काढला. उपवास केले."

पवार हळूहळू उभे राहिले.

"आमचा क्रूस त्या घड्याळामागे आहे! म्हणजे ते नवरात्र..."

"तुमच्यासाठी!"

"अहो, मी तुमच्यासाठी करत होतो! नऊ दिवस! माझं चार किलो वजन उतरलं! मग तो बोंबलाचा वास?"

मी मान खाली घातली.

"तुमच्याच घरातून?" पवारांचा एसटीतला आवाज परत आला. "मी त्या वासावर दोन दिवस काढले, जाधव! एक तुकडा तरी द्यायचात!"

तोवर पवारवहिनींनी भुवईवरची टिकली काढून बाकाच्या कडेला चिकटवली आणि निवांत म्हणाल्या, "सुटले बाई. फार खाजत होती."

मग जे हसू फुटलं ते आवरता आवरेना. पेटीवाला पेटीवर डोकं टेकून हसत होता. पवार येऊन माझ्या गळ्यात पडले, आणि आम्ही दोघं तिथेच, हार आणि नारळ मधे धरून, हसत आणि रडत उभे राहिलो. मला वाटलं, चला, माझी लाज झाली खरी, पण मित्र तर वाचला. उलट आता भाऊ झाला. यापेक्षा चांगला शेवट कुठला?

पण आजी हसत नव्हत्या. त्या माझ्याकडे काळजीनं बघत होत्या. त्यांनी हात वर केला आणि सगळे शांत झाले.

"पाळकसाहेब," आजी म्हणाल्या, "पवारांनी सांगितल्यापासून या माणसाच्या तारणासाठी मी रोज पहाटे गुडघे टेकतेय. आता हा आपलाच निघाला. मग बंद करू का?"

पाळकांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या गळ्याशी आलेल्या झेंडूच्या हाराकडे बघितलं, पिशवीतून डोकावणाऱ्या अगरबत्तीच्या पुड्याकडे बघितलं, आणि मग एक मोठा श्वास घेतला.

"नको, आजी," ते म्हणाले. "इतके दिवस भिंतीला भिंत लागून राहिले, आणि शेजारच्या ख्रिस्ती माणसालासुद्धा हे ख्रिस्ती आहेत याचा पत्ता लागला नाही. यांच्यासाठी आता प्रार्थनेबरोबर आपण उपवासही धरू."